बेळगावला सुट्टीला येताना मुलांच्या गेमचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. सासर टिळकवाडीत, माहेर निपाणीला. जुलैअखेरपासून पाच आठवडे बेळगावात आहोत. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ. इकडे आम्ही डब्यावरचा वयाचा आकडा बघूनच गेम देतो. तिकडे बारा वर्षांचा पुतण्या आजोबांच्या फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो. दीर म्हणतात, "इथं कुठला आकडा आणि कुठलं काय, सगळी पोरं खेळतात की!" पीएस५ (प्लेस्टेशन) आणि स्विच ही गेमची दोन्ही यंत्रं सोबत आणतोय. वाईटपणा न घेता हे कसं सांभाळायचं?

उत्तर: दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. भारतात सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, पण गेमला वयाचा दाखला देणारं तसं सरकारी मंडळ नाही. बेळगावातल्या दुकानात पीएस५ची डिस्क घेतलीत तर तिच्यावर बऱ्याचदा 'पेगी' या गेमचं वय ठरवणाऱ्या युरोपातल्या संस्थेचा आकडा दिसेल. मात्र तो बघून पोराला डिस्क नाकारायचं बंधन दुकानदारावर नाही. जर्मनीत आहे. 'यूएसके' या तिथल्या संस्थेचा १८ असलेला गेम तिथे अल्पवयीनाला विकता येत नाही. ब्रिटनमध्येही २०१२ पासून पेगीच्या १२, १६ आणि १८ या आकड्यांना विक्रीपुरतं कायद्याचं बळ आहे. अमेरिकेतला एखादा नातेवाईक मात्र दिरांच्याच बाजूने बोलू शकेल. तिथल्या 'ईएसआरबी' या संस्थेचा आकडा म्हणजे उद्योगाने स्वतःहून घालून घेतलेला नियम आहे, आणि मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये रद्दच केला.

पण दिरांशी वाद घालण्याआधी एक लक्षात घ्या. तुम्ही ज्या आकड्यावर भरवसा ठेवता तो सगळीकडे सारख्या कष्टाने दिलेला नसतो. डब्यातल्या गेमसाठी यूएसकेची माणसं तो गेम खरोखर खेळतात आणि मग समितीपुढे मांडतात. ईएसआरबी कंपनीकडून प्रश्नावली आणि गेममधल्या सगळ्यात कडक प्रसंगांची चित्रफीत मागवते. फोनवरच्या गेमचं निराळंच आहे. तिथे गेम बनवणारा 'आयएआरसी' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा फॉर्म भरतो आणि एकाच फॉर्ममधून प्रत्येक देशाचा आकडा आपोआप निघतो. जर्मनीला यूएसके, बाकी युरोपला पेगी, अमेरिकेला ईएसआरबी, आणि भारतासारख्या देशांना सरसकट ३+, ७+, १२+, १६+, १८+. तपासणी झालीच तर नंतर. म्हणून फोनवरच्या १२+ ला डब्यावरच्या १२ इतकं वजन देऊ नका.

त्यात एकाच गेमला तीन आकडे मिळतात. 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' हा फुटबॉलचा गेम घ्या. अमेरिकेत तो सर्वांसाठी, पेगीत ३, आणि जर्मनीत १२. खेळ तोच, गोल तेच. जर्मनीने २०२३ पासून नियम बदलले आणि गेममधली खरेदी, नशिबावर निघणारी खेळाडूंची पाकिटं, रोज खेळायला लावणारा दबाव हेही वय ठरवताना धरायला सुरुवात केली. पेगीने तेव्हा त्याची नोंद आकड्याखालच्या चित्रात केली, आकडा मात्र ३ च ठेवला. उलट उदाहरणही आहे. 'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम. त्यात एक पैसा लावता येत नाही, तरी पोकरचे हात शिकवतो म्हणून पेगीने त्याला १८ दिला होता. अपील झाल्यावर २०२५ मध्ये तो १२ वर आला. तेव्हा आकड्यापेक्षा त्याच्याखालची ओळ वाचा: हिंसा, शिव्या, भीती, जुगार, पैशांची खरेदी, अनोळखी लोकांशी बोलणं. बारा वर्षांच्या मुलाला गेममधल्या झॉम्बी भुतांपेक्षा शेवटच्या दोन गोष्टी जास्त महागात पडतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता तुमची यंत्रं. निपाणीचा माणूस बाजाराला कोल्हापूरला गेला म्हणून त्याचं रेशनकार्ड महाराष्ट्राचं होत नाही. खात्याचंही तसंच आहे. तुम्ही बेळगावात उतरलात तरी मुलांची खाती जर्मनीचीच राहतात आणि त्यांना जर्मनीचेच निकष लागतात. हे तुमच्या फायद्याचं आहे. 'इथले गेम दिसत नाहीत' म्हणून कुणी प्ले स्टोअरचा देश बदलायला सांगितलं तर बदलू नका. तो वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश तर बदलताच येत नाही.

पीएस५वर निघण्याआधी तीन कामं करा, आणि ती स्टुटगार्टमध्येच करा. इथे पाहुण्यांच्या गर्दीत जमणार नाहीत. पहिलं, सेटिंग्जमध्ये 'फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्स' उघडून 'पीएस५ कन्सोल रिस्ट्रिक्शन्स'मध्ये जा. तिथला मूळ पासकोड ०००० असतो. तो बदला. तिथेच नवीन युजर आणि पाहुणा लॉगिन बंद करायची सोय आहे, ती वापरा. नाहीतर पुतण्या पाहुणा म्हणून शिरेल आणि तुमच्या मुलावरची सगळी बंधनं बाजूला राहतील. दुसरं, बाबांच्या खात्याला लॉगिन पासकोड लावा. बहुतेक घरांत भोक इथेच असतं. मुलाचं खातं कडेकोट, आणि शेजारी बाबांचं खातं सताड उघडं. तिसरं सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. खेळायची वेळ ठरवताना तुम्ही टाइम झोन जर्मनीचा निवडलेला असतो. उन्हाळ्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो. रात्री आठला बंद होणारा गेम टिळकवाडीत साडेअकराला बंद होईल, आणि आज्जी विचारतील, "अजून झोपली न्हाईत व्हय पोरं?" उतरल्याबरोबर टाइम झोन बदला.

स्विचचं नियंत्रण सोपं आहे, पण त्यात एक मेख आहे. वयाची आणि वेळेची मर्यादा माणसाला नाही, अख्ख्या यंत्राला लागते. नऊ वर्षांच्या मुलीसाठी पातळी ठेवलीत तर तेरा वर्षांच्या मुलाचेही गेम अडतात. अशा वेळी पातळी मुलीचीच ठेवा आणि मुलाचे एक-दोन गेम फोनवरच्या पॅरेंटल कंट्रोल्स ॲपमधून नावानिशी मोकळे करा. मुलगीही ते उघडू शकते, तेव्हा मोकळे काय करताय ते बघून करा. वेळ संपल्यावर स्विच नुसती सूचना दाखवतो, गेम थांबवत नाही. थांबवायचा असेल तर ॲपमध्ये गेम बंद करण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. चार भावंडं रांगेत बसलेली असताना मात्र तो बंद ठेवा. हातातोंडाशी आलेली शर्यत मधेच तुटली की जी रडारड होते ती गल्लीभर ऐकू जाते.

खरा प्रश्न आजोबांच्या फोनचा आहे. त्यावर मुलाचं खातंच नाही, सगळं आजोबांच्या नावावर. त्यामुळे स्टोअरच्या लेखी खेळणारा सत्तर वर्षांचा आहे.

बीजीएमआय म्हणजे पबजीचा भारतातला अवतार. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरमधून काढला गेला. मे २०२३ मध्ये परत आला तो बंधनं घेऊन. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास आणि पालकांची संमती. ही संमती पालकाच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने द्यायची असते. पण फोनच आजोबांचा असेल आणि वय अठराच्या वर टाकलेलं असेल तर हे सगळं कागदावर राहतं. म्हणून पुतण्याला दटावण्याऐवजी दिरांना एवढंच सुचवा: गेममधलं वय खरं करू या, तीन तासांची मर्यादा गेमच लावेल, तुम्हाला-आम्हाला वाईट व्हायला नको. जावेशी आधी बोललात तर काम लवकर होईल, असा आमचा अंदाज.

पैशांचं आजच बघा. आजोबांच्या फोनवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये खरेदीची पडताळणी 'प्रत्येक वेळी' करा. यूपीआयचा पिन नातवाला पाठ असतो, कारण रिचार्ज तोच करून देतो. पिन बदला आणि रिचार्ज दिरांकडे द्या. न विचारता खरेदी झालीच तर गूगलकडे परताव्याची मागणी लगेच करा. पहिल्या ४८ तासांत काम सोपं असतं. 'अर्ध्या किमतीत यूसी' (बीजीएमआयमधलं चलन) विकणाऱ्या कुणाला पैसे गेले असतील तर ती गूगलची खरेदी नव्हे, फसवणूक आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तोही त्याच दिवशी.

तुमच्या मुलाच्या फोनवर पबजी मोबाइल असेल तर तो भारतात चालणार नाही. इथली पोरं लगेच उपाय सांगतील: व्हीपीएन (फोन दुसऱ्या देशात आहे असं भासवणारं ॲप), नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे गेम थेट फोनवर चढवायची फाइल. दोन्हीला नाही म्हणा. स्टोअरबाहेरून आलेल्या फाइलला कुठल्याच देशाचा आकडा नसतो, आणि आत काय भरलंय हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

बोलण्याची सोय वेगळी बंद करावी लागते. ईएसआरबी तर ऑनलाइन गेमवर लिहूनच टाकते की खेळाडूंच्या आपसातल्या बोलण्याला आम्ही आकडा दिलेला नाही. बीजीएमआयमध्ये माइक आणि स्पीकर दोन्हीची बटणं खेळताना पडद्यावरच असतात. निदान 'फक्त आपली टीम' यावर ठेवा आणि टीममध्ये भावंडंच घ्या. तुमच्या मुलाला हिंदीतल्या शिव्या कळत नाहीत, म्हणून तो त्या निरागसपणे जेवणाच्या ताटावर म्हणून दाखवेल. भावंडं आपसात खेळली तर मराठी, कन्नड, हिंदी आणि जर्मन यांची जी खिचडी होते ती खरं तर ऐकण्यासारखी असते. ती मोडू नका.

घरातले मोठे रमी किंवा पैसे लावून क्रिकेटची टीम बनवायचे गेम खेळत असतील तर तेही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. कर्नाटकाने २०२१ मध्ये असे गेम बंद करायचा कायदा केला होता. तो हायकोर्टात फेब्रुवारी २०२२ मध्ये टिकला नाही. मात्र ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन गेम चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं हा देशभर गुन्हा ठरवला. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तरीही मुलांच्या हातातल्या फोनवर तसलं ॲप राहू देऊ नका. हा कायदा पैशाचा आहे, रक्तपात किंवा शिव्यांना तो हात लावत नाही.

पुतण्याला भेट द्यायची असेल तर जर्मनीतलं प्लेस्टेशनचं किंवा गूगलचं गिफ्टकार्ड आणू नका. त्याचं खातं भारताचं, कार्ड युरोचं, ते भरताच येणार नाही. त्याच्याकडे पीएस५ असेल तर डिस्क आणा. डिस्क कुठल्याही देशाची चालते, फक्त तिच्यासाठी नंतर विकत घ्यायची जादा भर डिस्कच्या देशाशी जुळावी लागते. त्यामुळे ज्यात पुढे काही विकत घ्यावं लागत नाही असाच गेम निवडा, आणि डब्याच्या पाठीवर किती जण एकत्र खेळू शकतात तो आकडा बघा. चार लिहिलं असेल तर जादाचे कंट्रोलर सामानात टाका.