आईनं दोनदा हाक मारली

वाचकाचं पत्र

ताई, माझं वय 43. लहानपणापासून चर्चमध्ये वाढले, पण उपासना म्हणजे सवयीचा भाग होता. तीन वर्षांपूर्वी एका अभ्यासमंडळात गेले. ख्रिस्ताच्या शिकवणीला एक आतला अर्थ आहे, माणूस झोपेत जगतो आणि तो जागा होऊ शकतो, हे तिथे पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून रोज पहाटे वीस मिनिटं मौन प्रार्थना करते. पहिले सहा महिने भरून यायचं, डोळ्यांतून पाणी वाहायचं. गेलं वर्षभर मात्र काहीच नाही, नुसता कोरडेपणा. मंडळाचे मार्गदर्शक म्हणतात, घरच्या ‘झोपलेल्या’ माणसांत माझी शक्ती वाया जाते. मी आतल्या गटात यावं असं ते सुचवतात. त्यासाठी गुप्ततेची शपथ लिहून द्यायची आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटाही द्यायचा. इकडे रविवारी चर्चमध्ये बसवत नाही. शेजारची म्हातारी जपमाळेचे मणी खुडखुडवत अर्धे शब्द चुकीचे पुटपुटते. वाटतं, मी इथे काय करतेय? बहीण म्हणते, ‘तू बदललीस, पण चांगली नाही.’ चर्च सोडू का? आतल्या गटात जाऊ का?

ता. क. प्रगती अगदीच नाही असं नाही. मागच्या आठवड्यात मी प्रार्थनेला बसलेली असताना आईनं (तिचं मनगट प्लास्टरमध्ये आहे) आतल्या खोलीतून दोनदा हाक मारली, तरी माझं लक्ष ढळलं नाही. नंतर पाहिलं तर ती स्वतःच पाण्याला उठली होती आणि पेला पडून फुटला होता. मला एकेरीतच लिहा.

ताईचं उत्तर

तुझं पत्र वाचून झालं आणि मी पुन्हा ताज्या कलमाकडे गेले. वरच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ मला त्या चार ओळींत दिसलं.

हाक ऐकूच आली नसती तर गोष्ट वेगळी होती. तुला ती ऐकू आली, दोनदा आली, हे तू मोजलंस, आणि ते जमेच्या बाजूला मांडलंस. मी तुला रागावत नाही. मीही एके काळी माझ्या ‘अवस्थां’ची वही ठेवायचे, तारखेसकट. त्या वहीत घरातल्या कुणाचंही नाव नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तुमच्या मंडळात माइस्टर एकहार्ट या जर्मन डोमिनिकन साधूचं नाव नक्की निघत असणार. अंतर्मुख ख्रिस्ती परंपरेत त्याच्याइतका खोल गेलेला माणूस विरळा. तो 1328 च्या सुमारास वारला आणि 1329 मध्ये पोपच्या फर्मानानं त्याच्या 28 विधानांवर ठपका ठेवला. तर हाच एकहार्ट तरुण साधकांना सांगायचा की तुम्ही संत पौलासारखे आनंदाच्या शिखरावर असाल आणि एखाद्या आजाऱ्याला सूप हवंय असं कळलं, तर तो आनंद सोडून उठा आणि प्रेमानं त्याला सूप द्या. पुढे एका प्रवचनात तर त्यानं मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्टच उलटी वाचली. शुभवर्तमानात येशू मरियेची बाजू घेतो. प्रभूच्या पायाशी बसलेली मरिया अजून शिकतेय आणि राबणारी मार्था पोचलेली आहे, असं तो म्हणतो. तुझी आई तुला मार्था व्हायची संधी देत होती. पेला फुटला, बाकी काही बिघडलं नाही. पुन्हा हाक येईल तेव्हा ऊठ. प्रार्थना मोडत नाही, ती पाण्याच्या पेल्यासोबत आतल्या खोलीत जाते.

आता कोरडेपणा. घरच्यांनी तो आणला हे तुझ्या मार्गदर्शकांचं निदान मला अजिबात पटत नाही. योहान ऑफ द क्रॉस या स्पॅनिश कार्मेलाइट साधूनं अशा कोरडेपणाला ‘काळोखी रात्र’ म्हटलं आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: देवाच्या गोष्टींत रस वाटत नाही आणि जगातल्या गोष्टींतही नाही, तरी मन देवाकडेच लागलेलं असतं, आपण मागे तर पडत नाही ना ही चिंता असते, आणि पूर्वीसारखं चिंतन काही केल्या जमत नाही. तिन्ही एकत्र असतील तर त्याच्या मते ही वाढ आहे. लहान मुलाचं दूध तोडतात तशी. दुसरीकडे, शरीर-मनाच्या आजारानंही असाच कोरडेपणा येऊ शकतो, हे त्यानं सोळाव्या शतकातच बजावून ठेवलंय. म्हणून विचारते: झोप लागते ना? भूक आहे ना? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, तर आधी डॉक्टरांना भेट. साधनेत त्यामुळे काही कमीपणा येत नाही.

आणखी एक शक्यता आहे, आणि मला तीच जास्त खरी वाटते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियस या साधूनं साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यातला सर्वांत जड विचार म्हणजे ‘अकेडिया’, दुपारचा सैतान. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीकडे बघतो, कुणी येतंय का. मग मनात येतं की इथल्या बांधवांमध्ये प्रेमच उरलेलं नाही, दुसऱ्या एखाद्या ठिकाणी साधना सोपी जाईल. कोठडी सोडू नकोस, हा त्यावरचा त्याचा उपाय. तुझं पत्र आता परत वाच. चर्च सोडू का, आतल्या गटात जाऊ का: दोन्ही प्रश्न खिडकीतून बाहेर बघणारे आहेत.

म्हणून चर्च सध्या सोडू नकोस. शेजारच्या त्या म्हातारीबद्दल तर मला खास सांगायचंय. ग्रीसमधल्या अ‍ॅथोस पर्वतावरचे साधू गाठींच्या दोरीवर बोटं फिरवत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे एकच वाक्य हजारो वेळा म्हणतात. चौदाव्या शतकात त्यांच्यावर टीका झाली तेव्हा त्यांच्यातलाच एक साधू ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूनं उभा राहिला, आणि ती साधना पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं उचलून धरली. तुमच्या मंडळात हिला फार वरच्या पायरीची साधना म्हणत असतील. म्हातारीची बोटं त्याहून वेगळं काय करतात? पुढच्या रविवारी तिच्या चुका मोजू नकोस, तिचे मणी ऐक. वीस मिनिटांचं मौन तिथेही सापडेल कदाचित.

शपथेच्या कागदावर सही करू नकोस. इथे मी जरा कडक बोलणार आहे. सुरुवातीच्या चर्चमध्येही काही गोष्टी बाप्तिस्मा न झालेल्यांपासून झाकून ठेवत, हे खरं. पण बाप्तिस्मा झाला की त्या सगळ्यांना मिळत, कुणाच्या उत्पन्नाकडे बघून नाही. त्याच अ‍ॅथोसच्या साधूंची शिकवण ‘फिलोकालिया’ या संग्रहात 1782 मध्ये व्हेनिसला छापून निघाली, म्हणजे वाचता येणाऱ्या कुणालाही खुली झाली. मार्गदर्शक हवा, हे तीही सांगते. पण तुला आईपासून आणि बहिणीपासून तोडणारा मार्गदर्शक नव्हे. ‘घरचे झोपलेत, आपण जागे’ हे वाक्य ऐकायला फार गोड लागतं, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. मंडळात वाचन चांगलं होत असेल तर खुशाल जा. विचार करायला दोन-तीन महिने हवेत, असं त्यांना सरळ सांग. त्यावर ते काय म्हणतात यातच बरंच काही कळेल.

राहिली बहीण. मार्काच्या शुभवर्तमानात येशू उपदेशाला सुरुवात करतो तेव्हा मराठीत आपण ‘पश्चात्ताप करा’ असं वाचतो. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे. मन पालटलं की नाही, हे ज्याचं त्याला कळणं अवघड. आविलाची तेरेसा ही स्पॅनिश जोगीण 1577 मध्ये आत्म्याच्या सात दालनांबद्दल लिहीत होती. आपण देवावर प्रेम करतो का हे नक्की सांगता येत नाही, शेजाऱ्यावर करतो का हे मात्र कळतं, असं तिनं पाचव्या दालनात स्पष्ट लिहून ठेवलंय. तेव्हा बहिणीशी वाद घालू नकोस, तिला विचार: ‘कधीपासून वाटतं तुला असं? मी नेमकं काय केलं?’ आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नकोस. पहाटेच्या मौनापेक्षा हे जड जाईल.

प्रार्थना चालू ठेव, तीच वेळ, तीच वीस मिनिटं. फक्त बसायची जागा बदल, आईच्या खोलीत बस. ती जागी असली तर असू दे. प्लास्टर कधी निघतंय ते कळव.