क्रोटनच्या काड्या काळ्या मातीत लावू नका

ताई, मे महिन्यात लावलेल्या क्रोटनच्या (रंगीत पानांचं शोभेचं झाड) काड्यांची पानं गळाली, बुड काळं पडलं आणि तुम्ही पाणी वाढवत गेलात, हे वाचून आमच्या बचत गटाचा वाफाच डोळ्यासमोर आला. आधी पाणी थांबवा. एक काडी हळूच उपसून बघा. बुडाची साल चिमटीत मोज्यासारखी निसटून आली आणि आत तपकिरी, लिबलिबीत लागलं, तर ती गेली.

आमच्याकडे एका कार्यालयाने मार्चअखेरीस काड्या लावायचं प्रशिक्षण घाईघाईत उरकलं. काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं, असं छापील कागदावरच दिलं होतं. बायांनी तंतोतंत तसंच केलं, पिशव्यांसाठी गटातून कर्ज उचललं. एप्रिलमध्ये अख्खा वाफा कुजला. विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही पाणीच बराबर दिलं नसन." बघायला कोणी फिरकलं नाही. हप्ते मात्र बायांनी भरले. याचा राग मला अजून आहे. कपाशीला ओल धरून ठेवणारी आपली माती भिजली की घट्ट बसते, आत हवा राहत नाही. वर्धा-यवतमाळात नोकरी करणाऱ्याला हे सांगावं लागतं?

काडीला मूळ नसतं, पण पानांतून पाणी उडतच असतं. 44-45 अंशांत बुडाशी कितीही ओता, वरची पानं सुकणारच. म्हणून खाली हवा खेळती हवी आणि वर दमट. धुतलेली जाड रेती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग घ्या. भंडारा-गोंदियाकडच्यांनी कोकोपीटऐवजी धानाचा जळका तूस वापरला तरी चालतो. वरून पारदर्शक पिशवी, कुंडी निंबाच्या सावलीत. पिशवीवर ऊन पडलं तर आत काडी शिजते.

माझं मत विचाराल तर क्रोटनला उन्हाळ्यात हातच लावू नये. मृगाचा पाऊस स्थिरावला की शेंड्याकडची, पेन्सिलीएवढी जाड, चार-सहा इंचांची काडी पेराखाली कापा. चीक थांबेपर्यंत पाण्यात धरा, वरची दोन-तीन पानं ठेवून तीही अर्धी कापा. मुळ्यांना महिना-दीड महिना लागतो, मधे उपसून बघू नका. चिकाने काहींच्या अंगाला खाज येते, लेकरांना दूर ठेवा.

मी कृषी पदवीधर नाही, आमच्या आवारात जे जमलं तेच सांगते. कोलियस या दुसऱ्या रंगीत पानांच्या झाडाला एवढा खटाटोप नको, पेल्यातल्या पाण्यातही आठ-पंधरा दिवसांत मुळ्या सुटतात. फक्त कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कोणत्याच काडीला घालू नका, त्यात क्षार साचलेले असतात. आणि काडी घ्यायची ती रंग भरलेल्या फांदीची. पट्टेरी झाडावर निव्वळ हिरवा फुटवा आला असेल तर तो लावून रंग येत नाही, तो जिथून फुटला तिथूनच छाटा.

तुमचं मूळ झाड जगलं आहे म्हणता, तर आता त्याच्या फांद्या तोडू नका. पाऊस लागला की जाड फांदीवर गुटी बांधा, म्हणजे फांदीची साल कड्यासारखी काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळून बांधा. मुळ्या धरेपर्यंत फांदी झाडावरच राहते, त्यामुळे सुकायची धास्ती कमी.