'द मोअर, द बेटर' मधला 'द' आणि आपलं 'जेणे-तेणे'

माझी मावसबहीण सातवीला इंग्रजी शिकवते. तिने विचारलं: "फळ्यावर 'द मोअर यू रीड, द मोअर यू नो' असं लिहिलं, तर एका मुलीने हात वर केला. 'द' नामाच्या आधी येतो ना, मग 'मोअर'च्या आधी कसा आला? मी 'ही पद्धतच आहे' म्हणून वेळ मारून नेली. खरं कारण काय? आणि वर्गाचे गळके पत्रे बदलून मिळावेत म्हणून मुख्याध्यापकांना इंग्रजीत अर्ज करायचा आहे. त्याच्या शेवटी 'द सूनर द बेटर' लिहिलं तर चालेल का?"

आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी दे. तिची शंका अगदी रास्त आहे, कारण हा 'द' म्हणजे नामाआधी येणारं उपपद (आर्टिकल) नाहीच. दिसायला आणि बोलायला तोच असला तरी त्याचं काम वेगळं आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्त्या होत्या. 'तो, ते' अशा दर्शक सर्वनामाचं एक रूप होतं, उच्चार साधारण 'थ्यू'सारखा, आणि अर्थ 'त्याने, त्या मानाने'. म्हणजे चक्क तृतीया! पुढे इंग्रजीतल्या विभक्त्या झिजत गेल्या आणि हे 'थ्यू' आवाजाने उपपद 'द'मध्ये मिसळून गेलं. उपपदाचा 'द'सुद्धा त्याच सर्वनामातून आलेला, म्हणजे दोघे एकाच घरातले. पण 'द मोअर यू रीड, द मोअर यू नो' यातले दोन्ही 'द' तृतीयेचे. शब्दाला शब्द ठेवला तर 'जेणे अधिक वाचशील, तेणे अधिक जाणशील' असं होतं. जुन्या मराठीतलं हे 'जेणें-तेणें' आपण पूर्ण सोडलेलं नाही. सरकारी पत्रात आणि वर्तमानपत्रात रोज 'जेणेकरून' छापून येतं, ती हीच तृतीया.

एवढं कळलं की इंग्रजीतल्या आणखी काही शब्दांची गाठ सुटते. 'नेव्हरदलेस' आणि 'ननदलेस' यांच्या पोटात बसलेला 'द' हाच. 'तेणे काही कमी नाही', म्हणजे 'तरीसुद्धा'. 'ऑल द मोअर रीझन' म्हणजे 'तेणे तर अधिकच कारण', आपण म्हणतो 'म्हणून तर जास्तच'. 'लेस्ट' हा 'न जाणो' अर्थाचा छोटासा शब्दही 'थ्यू'पासून सुरू होणाऱ्या तीन शब्दांचा आकसून झालेला आहे; त्यातलं 'थ्यू' गळून पडलं आणि उरलेल्या दोन शब्दांचा 'लेस्ट' झाला. जर्मन शिकलेल्या कुणाला विचार, 'ये... देस्टो...' ('जितकं... तितकं') ही जोडी त्यांना पाठ असते. त्यातल्या 'देस्टो'च्या शेवटच्या 'टो'मध्येही जुनी तृतीयाच लपलेली आहे.

तेव्हा मुलांना सांगताना 'द'चा अर्थ सांगत बसण्यापेक्षा जोडी सांग: पहिला 'द' म्हणजे 'जितकं', दुसरा 'द' म्हणजे 'तितकं'. ज आणि त ही जोडी मराठी मुलाच्या अंगात मुरलेली असते. जसा-तसा, जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा हे मुलं न शिकता बोलतात. इंग्रजीत अशा सख्ख्या जोड्या फार कमी उरल्यात, त्यातली ही एक.

चुका होतात त्या मराठी आणि इंग्रजीचं जिथे जुळत नाही तिथे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये उन्हाळ्यात एक कागद चिकटवला होता: 'मोअर यू विल वेस्ट वॉटर, मोअर टँकर्स वी विल कॉल'. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. पण त्या एका ओळीत आपल्या नेहमीच्या तिन्ही चुका सापडल्या.

दोन्हीकडचा 'द' गेला, हे पहिलं. 'द' नाही म्हणजे 'जितकं-तितकं' नाही, आणि वाक्याचे दोन तुकडे सुटे पडतात.

दुसरं म्हणजे पहिल्या भागातला 'विल'. ही चूक मराठीतून येते. आपण 'जितकं लवकर येशील तितकं लवकर निघू' म्हणतो, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत ज-बाजू (म्हणजे 'जितकं'चा भाग) ही अट असते, आणि अटीत 'विल' घालत नाहीत. 'इफ इट विल रेन' म्हणत नाहीत तसंच. 'विल' यायचाच तर त-बाजूला.

तिसरी चूक जागेची. 'वॉटर' हे 'मोअर'ला चिकटून हवं: 'द मोअर वॉटर वी वेस्ट, द मोअर टँकर्स वी हॅव टू कॉल'. आपल्याकडे 'पाणी जितकं वाया जाईल' आणि 'जितकं पाणी वाया जाईल' दोन्ही चालतं, कारण 'जितकं' हे लिंगवचनाने पाण्याशी बांधलेलं असतं, कुठेही ठेवा, ओळखू येतं. इंग्रजीत तसं बंधन नाही, म्हणून तिथे शेजार लागतो. 'द मोअर बुक्स यू रीड' बरोबर, 'द मोअर यू रीड बुक्स' कानाला खटकतं.

आणखी एक चूक मुलं हमखास करतात: 'द मोअर बेटर'. मराठीत 'जास्त चांगलं' असं दोन शब्दांनी म्हणावं लागतं, म्हणून. 'बेटर'मध्येच 'जास्त' आलेलं आहे, एवढं सांगितलं की पुरतं.

आता खरा अवघड भाग, आणि इथे मी तुला थोडं थांबायला सांगेन. प्रत्येक 'जितका-तितका'चं इंग्रजी 'द-द' होत नाही. 'जितकी माणसं तितकी मतं' याचा अर्थ माणसं दहा तर मतंही दहा. इथे बरोबरी आहे, म्हणून इंग्रजीत 'अ‍ॅज मेनी... अ‍ॅज' हवं. 'जितकी भूक तितकंच वाढून घे' यातही बरोबरीच. पण 'जितका गूळ तितकं गोड' यात बरोबरी नाही, एक वाढलं की दुसरं वाढतं. मराठी दोन्हींना एकच शब्द वापरते आणि संदर्भावर सोडते. मुलांना कसोटी द्यायची तर ही: वाक्यात 'जास्त' घालून बघा. 'जितका जास्त गूळ तितकं जास्त गोड', अर्थ तोच राहिला, म्हणजे 'द-द'. 'जितकी जास्त भूक तितकंच जास्त वाढून घे', इथे बोलणं बदललं, म्हणजे 'अ‍ॅज-अ‍ॅज'.

'जसजसं-तसतसं' आणखी वेगळं. 'जसजसा घाट चढत गेलो तसतसं धुकं दाट होत गेलं' यात काळ सरकतो आहे. इंग्रजीत साधं 'अ‍ॅज वी क्लाइम्ड' पुरतं. 'द हायर वी क्लाइम्ड, द थिकर द फॉग' असंही म्हणता येतं, पण मग लक्ष वेळेवरून उंचीच्या मापावर जातं. मला मराठीची ही द्विरुक्ती फार आवडते. 'जसजसं' म्हणताना पावलं मोजल्यासारखी वाटतात.

हे लिहिताना मला एक गोष्ट नव्याने दिसली. मराठी पुष्कळदा ज-बाजू सोडून देते आणि एकटा 'तितकं' ठेवते: 'बोलावं तितकं थोडं', 'शक्य तितक्या लवकर'. इंग्रजीत 'ऑल द बेटर', 'ननदलेस' इथे नेमकं हेच झालंय, त-बाजू एकटी उरली. उलट वाक्य फिरवलं की इंग्रजी त-बाजूचा 'द' गाळते आणि ज-बाजूचा ठेवते: 'यू गेट बेटर द मोअर यू प्रॅक्टिस'. आधी मला हे वाक्य अर्धवट वाटायचं. 'सुधारशील, जितका सराव करशील' असं मनात म्हटलं आणि बसलं.

उलट्या दिशेनेही एक सांगायचंय, कारण ते रोज डोळ्यांना टोचतं. जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या संदेशांत 'अधिक तुम्ही वाचाल, अधिक तुम्ही शिकाल' असली मराठी येते. 'द'चं भाषांतर करायचं नाही असं ठरवून कुणीतरी तो गाळलेला असतो, आणि त्याबरोबर वाक्याचा कणाच गेलेला असतो. 'जितकं वाचाल तितकं शिकाल'. चार शब्द, आणि 'अधिक'ची गरजच नाही.

आता तुझा अर्ज. 'द सूनर द बेटर' बरोबर आहे, पण ते घरातलं, बरोबरीच्या माणसाशी बोलायचं आहे. वरिष्ठांना लिहिलं तर 'आटपा लवकर' असा सूर लागतो. शिवाय लवकर झालं तर काय बरं, ते त्यात नाही. तीच जोडी पूर्ण वाक्यात वापर आणि कारण सांग: 'द सूनर द रूफ इज रिपेअर्ड, द फ्युअर स्कूल डेज द चिल्ड्रन विल लूज.' दिवस मोजता येतात म्हणून 'लेस' नको, 'फ्युअर' घाल. आणि 'विल' कुठल्या बाजूला आलाय, ते त्या हात वर करणाऱ्या मुलीला विचार.