हार्मोन्स आणि पिट्यूटरीवर रिसर्च, करिअर म्हणून कसं आहे?

तुमची लेक बडोद्याला एम.एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सी करतेय, तिला पिट्यूटरीच्या, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोन्स सोडणाऱ्या छोट्या ग्रंथीच्या, आजारांवर रिसर्च करायचाय आणि यात पुढे काही आहे का असं तुम्ही विचारलंय. आहे, भरपूर आहे, फक्त घाई असणाऱ्याचं हे काम नाही.

शास्त्रज्ञ रोजे गियमँ यांचंच बघा, हायपोथॅलॅमस (पिट्यूटरीच्या वरचा मेंदूचा भाग) पिट्यूटरीला नक्की कशाने हुकूम सोडतो एवढंच शोधायला त्यांची वर्षानुवर्षं गेली, ते मेंढ्यांच्या मेंदूवर आणि त्यांचे आधीचे सहकारी अँड्र्यू शाली डुकरांच्या, कत्तलखान्यातून लाखो तुकडे आणून हाती लागलं जेमतेम मिलिग्रॅमभर टीआरएच, म्हणजे असा हुकूम देणारं एक हार्मोन! १९६९ ला त्याची रचना कळली, १९७७ ला दोघांना नोबेल. मला स्वतःला १९७३ चा शोध जास्त मोठा वाटतो, सोमॅटोस्टॅटिन, ग्रोथ हार्मोनला लगाम घालणारं, पण ते रक्तात दोन-चार मिनिटंच टिकतं म्हणून पुढे त्यासारखंच टिकाऊ ऑक्ट्रिओटाइड बनवलं.

आमच्या दांडिया बाजारात एक काकू आहेत, त्यांची अंगठी बोटातून निघेना, चपलेचा नंबर वाढत गेला, सगळे म्हणायचे वजन वाढलंय, निघाली अ‍ॅक्रोमेगली, म्हणजे ग्रोथ हार्मोन जास्त झाल्याने हातपाय वाढत जाणारा पिट्यूटरीचा आजार. ऑपरेशन झालं, आता महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन असतं आणि काकू मस्त हिंडतायत.

तिला आधी बायोकेमिस्ट्री किंवा झूलॉजीत एमएस्सी करू दे, सोबत नेट-जेआरएफची (रिसर्चसाठी फेलोशिप मिळवून देणाऱ्या परीक्षेची) तयारी, मग पीएचडीला पाच-सहा वर्षं धरूनच चाला. पेशंट तपासायचे असतील तर मात्र एमबीबीएस, एमडी आणि मग डीएम एंडोक्रिनोलॉजी (हार्मोन्सच्या आजारांतलं स्पेशलायझेशन), तो रस्ता वेगळा, बीएस्सीवरून जात नाही.