पाकिस्तानचा अभ्यास करून पोरीचं पुढे काय होणार?

"मॅडम, हिला लष्करात जायचं नाही, कलेक्टर व्हायचं नाही, आणि म्हणते संरक्षणशास्त्रात एम.ए. करून पुढे पीएच.डी. करायची. मग पोटापाण्याचं काय?"

आंतरराष्ट्रीय संबंध, परराष्ट्र धोरण, दक्षिण आशियाची सुरक्षा या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. आजूबाजूला या क्षेत्रातलं कुणी नसतं. इंजिनिअर दिसतो, शिक्षक दिसतो, तलाठी दिसतो. 'सामरिक घडामोडींचा अभ्यासक' फक्त टीव्हीवर दिसतो, आणि तो महिन्याला काय कमावतो हे कुणालाच माहीत नसतं. असंच एक कुटुंब माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आलं होतं, त्यांच्याबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

वडील डहाणू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गुरुजी. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, गुणही चांगले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात तिला प्रवेश घ्यायचा होता. मामाचं म्हणणं, त्यापेक्षा यूपीएससी कर. आत्याचं म्हणणं, बी.एड. कर. वडिलांचं स्वतःचं असं म्हणणं नव्हतं, फक्त धास्ती होती.

अशा वेळी मी दोघांशी वेगवेगळं बोलते. आधी मुलीशी बोलले. सुरुवातीला ती मोठमोठं बोलत होती. चीनचा वाढता प्रभाव, पाकिस्तानातलं ग्वादर बंदर, हिंदी महासागरातलं सत्तासंतुलन. चुकीचं काही नव्हतं, पण त्यात तिचंही काही नव्हतं. मी मध्येच थांबवून विचारलं, "या सगळ्यातलं तुला स्वतःला काय खटकतं? टीव्हीवर कुणी बोललं नसतं तरी डोक्यात राहिलं असतं असं काय आहे?"

ती बराच वेळ गप्प बसली आणि मग वडिलांच्या शाळेबद्दल सांगू लागली. तिकडच्या पाड्यांवरचे बरेच पुरुष खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळकडे. एखादी बोट सर क्रीकच्या, म्हणजे कच्छ आणि सिंधमधल्या खाडीच्या, बाजूला सरकते. तिथे दोन देशांची सागरी सीमाच ठरलेली नाही. पाकिस्तानी सुरक्षा दल बोट धरतं आणि माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. मग त्यांच्या बायका गुरुजींकडे येतात, कारण अर्ज लिहून देणारं दुसरं कुणी नसतं. ही मुलगी लहानपणापासून ते अर्ज वाचत आली होती. बोटीचा नंबर, तांडेलाचं म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं नाव, आधार कार्डाची झेरॉक्स. "मॅडम, ते अर्ज पुढे कुठे जातात, हेच मला कधी कळलं नाही," ती म्हणाली.

मी तिला एक काम दिलं. 2008 च्या भारत-पाकिस्तान करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, आणि परराष्ट्र मंत्रालय त्याचं निवेदन प्रसिद्ध करतं. ती निवेदनं काढ, ओळीने वाच, आणि त्यात काय आहे आणि काय नाही ते दोन पानांत लिहून आण.

हे काम मी मुद्दाम देते. या क्षेत्राची आवड आहे म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांना खरं तर मतं मांडायला आवडतं. प्रत्यक्ष कामात मतं थोडी असतात आणि कंटाळवाणी कागदपत्रं फार. करार, संसदेतली प्रश्नोत्तरं, जुन्या फायली. कायद्याप्रमाणे सरकारी कागद 25 वर्षांनी राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत, पण सगळे काही जात नाहीत. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. अशा अडचणी गृहीत धरून वर्षानुवर्षं चिकाटीने काम करायचं असतं. ज्याला ते जमणार नाही त्याला विशीतच ते कळलेलं बरं.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. पट्टीने रकाने आखलेले होते. तारीख, नागरी कैदी, मच्छीमार. 1 जानेवारी 2025 च्या ओळीत पाकिस्तानच्या ताब्यातले 49 नागरी कैदी आणि 217 मच्छीमार. 1 जुलै 2025 च्या ओळीत 53 आणि 193. या दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलीने एक आडवी रेघ होती आणि त्यावर 'मे' एवढंच लिहिलेलं.

"मे महिन्यात दोन्हीकडून क्षेपणास्त्रं सुटत होती," ती म्हणाली. "सिंधू पाणीवाटप करार भारताने आधीच स्थगित केला होता, व्हिसा बंद होते. तरी जुलैला याद्या गेल्या. म्हणजे सगळं तुटलं तरी काहीतरी चालू राहतं. ते का चालू राहतं, आणि कुणामुळे?"

खालच्या बाजूला आणखी एक टिपण होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं 73 वं कलम सांगतं की विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे ज्या समुद्रपट्ट्यातल्या मासेमारीवर किनारी देशाचा हक्क असतो तिथे, मासेमारीचे नियम मोडले तर, दोन देशांमध्ये तसा करार नसल्यास, तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा कायदा मान्य केलेला आहे. मग ही माणसं वर्षानुवर्षं आत का? हे कलम मी तिला दिलेलं नव्हतं, तिचं तिने शोधलं होतं. मला मनापासून आनंद झाला. प्रबंधाचा विषय म्हणतात तो याहून वेगळा काही नसतो. 1988 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला, आणि त्या प्रकल्पांच्या याद्या 1992 पासून दर 1 जानेवारीला न चुकता दिल्या-घेतल्या जातात, हे मी तिला सांगितलं. तिने लगेच वहीत नवा रकाना आखला.

आता गुरुजी. त्यांच्यापुढे मी कोरा कागद ठेवला आणि पैशाचं स्पष्ट बोलले. एम.ए.ची दोन वर्षं खर्च घरातून. मग नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. ती नाही मिळाली आणि केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, तर महिना 8,000 रुपये. दिल्लीत 8,000 मध्ये काय होतं हे गुरुजींना सांगावं लागलं नाही. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं सहज जातात. नंतर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, पण महाराष्ट्रात ती जागा मिळेपर्यंत कित्येकांची वर्षं तासिका तत्त्वावर निघून जातात.

दुसरी वाट विचारसंस्थांची, म्हणजे धोरणांवर संशोधन करणाऱ्या 'थिंक टँक'ची. दिल्लीतली संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्था, 1965 साली सुरू झालेली, आता मनोहर पर्रीकरांच्या नावाने ओळखली जाते. ती संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालते. सप्रू हाउसमधली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स आहे, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन आहे, मुंबईत गेटवे हाउस आहे. इथल्या सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक कराराच्या असतात. प्रकल्प संपला की पुढचा प्रकल्प शोधायचा. भरवशाची वाटणारी संस्थाही अडचणीत येऊ शकते. 1973 पासून नावाजलेल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परदेशी निधीचा परवाना 2024 च्या सुरुवातीला रद्द झाला आणि तिथल्या अनेक संशोधकांना दुसरीकडे जावं लागलं. हे पालकांपासून लपवून 'पॅशन फॉलो करा' असं सांगणं मला पटत नाही.

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पैशाचं मी बघेन. पण पोरगी सारखं पाकिस्तान पाकिस्तान करते. उद्या कुणी चौकशीला आलं तर? लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील?"

खरी भीती ही होती. पालक ती सहसा पहिल्या भेटीत बोलून दाखवत नाहीत. मी त्यांना सांगितलं की अभ्यासकाचं काम उघड कागदांवर चालतं, गुप्त फायली त्याला कुणी दाखवत नाही. परदेशी परिषदा, परदेशी निधी, दुसऱ्या देशातल्या लोकांशी संपर्क या गोष्टी विद्यापीठाला कळवून, रीतसर परवानगीने करायच्या असतात. ही शिस्त पहिल्या वर्षापासून अंगी लावून घेतली तर घाबरण्याचं कारण नाही. आणि शेजारी देशाचा नीट अभ्यास करणारी माणसं देशाला लागतातच. के. सुब्रह्मण्यम हे मुळात आयएएस अधिकारी, पुढे त्याच संरक्षण अभ्यास संस्थेचे संचालक झाले. कारगिलनंतर काय चुकलं हे तपासायला सरकारने नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं.

अडचण दुसरीच आहे, आणि तीही मी सांगितली. ज्या देशाचा अभ्यास करायचा तिथे जाता येईलच असं नाही. अमेरिकेतल्या स्टीफन कोहेन यांनी भारतीय आणि पाकिस्तानी अशा दोन्ही सैन्यांवर आयुष्यभर काम केलं, दोन्हीकडे त्यांची ये-जा होती. भारतीय अभ्यासकाला ती मोकळीक नाही. 1991 मध्ये राजस्थानात नीमराणा इथे सुरू झालेल्या भारत-पाकिस्तान संवादासारख्या अनौपचारिक बैठका हा त्यावरचा एक मार्ग, पण तिथे नवख्यांना बोलावलं जात नाही. मग भाषा उपयोगी पडते. ज्याला उर्दू वाचता येतं तो घरबसल्या कराचीची वर्तमानपत्रं वाचू शकतो.

गुरुजींनी विचारलं, "या लाइनमध्ये नक्की शिडी कोणती?" ठरलेली शिडी नाही, हेच उत्तर आहे. परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक सी. राजा मोहन यांची पदव्युत्तर पदवी अणुभौतिकीची, मग जेएनयूत पीएच.डी., मग वर्तमानपत्रात, मग कार्नेगी इंडिया या विचारसंस्थेचे संचालक, मग सिंगापूरची संशोधन संस्था. श्रीनाथ राघवन आधी पायदळात अधिकारी होते, नंतर लंडनमधून पीएच.डी. करून इतिहासकार झाले. पुण्यातच श्रीकांत परांजपे यांनी विद्यापीठात शिकवता शिकवता मराठी वाचकांसाठी या विषयावर सातत्याने लिहिलं. कुणाही दोघांचा रस्ता सारखा सापडत नाही. सगळ्यांनी एखादा प्रश्न मात्र दीर्घकाळ सोडला नाही.

यूपीएससीबद्दल माझं मत ठाम आहे. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याला सरकारची भूमिका मांडायची असते आणि अभ्यासकाला ती तपासायची असते. कामं दोन्ही मोलाची, पण स्वभाव वेगळे लागतात. 'दोन्ही सोबत करू' म्हणणाऱ्या मुलांची एम.ए.ची दोन वर्षं क्लासमध्ये जातात आणि प्रबंधापुरतं वाचनही होत नाही. या मुलीला मी थेट विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला याद्या देणारी व्हायचं नाही. त्या का दिल्या जातात ते शोधायचंय." त्यावर गुरुजी काही बोलले नाहीत, पण मामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग तिघांनी मिळून ठरवलं. एम.ए. पुण्यात. पहिल्या सत्रापासून उर्दू. नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, तेव्हा एम.ए.नंतर चार प्रयत्न, म्हणजे दोन वर्षं. तोवर जेआरएफ नाही झाली तर नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) यांच्या जोरावर शिकवायची नोकरी, आणि पीएच.डी. नोकरी सांभाळून. गुरुजी एम.ए.नंतरच्या या दोन वर्षांचाही खर्च देतील, त्यानंतर घरावर भार नाही. ही मुदत मुलीनेच सुचवली. मुदत नसेल तर पालक रोज धास्तावतात आणि मूल रोज अपराधी होतं, म्हणून ती कागदावर लिहून घ्यावी असं मी प्रत्येक घराला सांगते.

सध्या ती एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात गुरुजींचा फोन आला होता. दिल्लीच्या एका संस्थेत वर्षभराची संशोधन सहायकाची जागा निघाली आहे, अर्ज करू द्यावा का, पीएच.डी. लांबेल का? मी म्हटलं, करू द्या. वर्षभर दुसऱ्याच्या प्रकल्पाच्या तळटीपा तपासल्या की हे काम झेपतं का ते कळेल, राष्ट्रीय अभिलेखागार हाताखालून जाईल, आणि नेटचे दोन प्रयत्न तिथूनही देता येतील. करारात मुदत, पगार आणि लेखनावर नाव कुणाचं लागणार, एवढं मात्र आधी वाचून घ्या. त्यांनी तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या.