गेर, उपरी आणि ‘मतानुसारी’

प्रश्न असा आहे: ज्यू-ख्रिस्ती संवादावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘प्रोसेलाइट’ला (बाहेरून ज्यू धर्मात आलेला) ‘धर्मांतरित’ आणि ‘प्रोसेलिटिझम’ला (दुसऱ्यांना आपल्या धर्मात आणण्याचा खटाटोप) ‘धर्मांतर’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. सक्ती असो, स्वखुशी असो की वर्षानुवर्षं शिकून मिळवलेला प्रवेश असो, आपण सगळ्याला ‘धर्मांतर’ म्हणून मोकळे होतो. ‘ज्यू धर्मांतर करत नाहीत’ हे पालुपद त्यातूनच आलेलं, आणि ते ऐकून माझे कान किटले आहेत. ज्यू बोलवायला जात नाहीत; आलेल्याला मात्र घेतात. तालमूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो की अशाला आधी विचारावं, काय पाहून आलास, इस्राएलचे आज किती हाल आहेत हे ठाऊक नाही का? ‘ठाऊक आहे, आणि माझी तेवढीही लायकी नाही’ असं तो म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे स्वीकारावं.

आता मूळ शब्द पाहा. ग्रीक ‘प्रोसेलितोस’मधला ‘प्रोस’ म्हणजे कडे, जवळ. पुढचा भाग ‘येणे’ या क्रियापदाचा. म्हणजे जवळ आलेला. अभि, आ, गत: अभ्यागत! इतकी नेमकी जोडी क्वचित सापडते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचं, म्हणजे हिब्रू बायबलातल्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा हिब्रू ‘गेर’साठी बहुतेक ठिकाणी हाच शब्द योजला गेला. आणि गेर म्हणजे परमुलखात वस्ती करून राहिलेला. त्याला वतनी जमीन नाही, म्हणून सुगीनंतरचा सरवा गरिबांसाठी आणि त्याच्यासाठी शेतातच सोडायचा, असा तोराचा दंडक. आपल्या पेशवाईच्या कागदांत हा माणूस जसाच्या तसा भेटतो: मिरासदार गावचा, आणि उपरी बाहेरून येऊन कसणारा. ‘गेर’ला ‘उपरी’पेक्षा नेमका शब्द मराठीत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मराठी बायबलाच्या नव्या करारात मात्र ‘प्रोसेलितोस’साठी ‘मतानुसारी’ आहे. मला तो मुळीच पटत नाही. नव्या कराराच्या काळापर्यंत शब्दाचा अर्थ ‘यहुदी धर्म स्वीकारलेला’ असा झाला होता, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण तेव्हा तरी तो नुसतं मत स्वीकारत होता का? बायबलातली परमुलखातली, मवाबी रूथ आपल्या ज्यू सासूला, नामीला, काय म्हणते? तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. लोक आधी, देव मागून. आणि बेथलेहेमात पोचल्यावर ती करते काय, तर सरवा वेचते! मताला अनुसरणाऱ्याला सरव्याचा हक्क मिळत नाही, गावात आलेल्याला मिळतो. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका गेरानं मैमोनिदीस या थोर ज्यू धर्मपंडिताला विचारलं, प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ मी म्हणू का? मैमोनिदीसचं उत्तर: म्हण, एक शब्दही बदलू नकोस, अब्राहाम तुझाही बाप आहे. ‘मतानुसारी’त हा बाप कुठे बसतो?

राहिला ‘प्रोसेलिटिझम’. हा शब्द आलेल्याचा नव्हे, आणायला निघालेल्याचा, आणि ज्यू-ख्रिस्ती संवादातली ठेच नेमकी इथेच लागते. 1996 साली अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथानं ज्यूंमध्ये सुवार्ताप्रसार करण्याचा ठराव केला, तेव्हा ज्यू संघटना संतापल्या. 2015 साली व्हॅटिकनच्या ज्यूंशी संबंध पाहणाऱ्या आयोगानं लिहिलं की कॅथलिक चर्च ज्यूंसाठी कोणतंही खास संस्थात्मक मिशनकार्य चालवत नाही की त्याला पाठिंबा देत नाही. ख्रिस्ती माणसानं आपल्या श्रद्धेची साक्ष नम्रपणे द्यावी, एवढं त्यात राखलं आहे. साक्ष आणि मोहीम यांतला हा फरक सरसकट ‘धर्मांतर’ लिहिल्यानं पुसला जातो. ‘बाटवाबाटवी’ सुचवणारे आहेत, पण बाटणे म्हणजे विटाळणे. जाणाऱ्या माणसाला अपवित्र ठरवणारा शब्द संवादावरच्या लेखात नको. ‘धर्मांतराची मोहीम’ लिहा. आणि ‘प्रोसेलाइट’ बायबलकाळातला असेल तर ‘उपरी’, नंतरचा असेल तर सरळ ‘गेर’, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीची तळटीप देऊन.