पर्सनॅलिटी टेस्टमध्ये इंट्रोव्हर्ट आलंय, मग टीम लीडची ऑफर नाकारू का?

नाकारू नका हो, निदान टेस्टमुळे तरी नको. टेस्टमधून येणारी ती चार अक्षरं मी पण दोन वर्षं मिरवलीयेत. हिंजवडीत असताना एका ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना एमबीटीआय (स्वभावाचा चार अक्षरी प्रकार सांगणारी टेस्ट) भरायला लावली, माझं आलं आयएनटीजे, त्यातला पहिला आय म्हणजे इंट्रोव्हर्ट, मग काय, टीम लंचला दांडी, लग्नाला दांडी, कुणी विचारलं की 'मी इंट्रोव्हर्ट आहे ना' तयारच. पुढे परत भरली तर पहिलं अक्षरच बदललं!

ही टेस्ट कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या पुस्तकावरून बेतली, दोघींपैकी कुणीच मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. ते एक वेळ सोडा, पण अडचण अशी की यात मधली जागाच नाही, काठावर असलात तरी आय आणि पार टोकाला असलात तरी आयच, आणि बहुतेक माणसं असतात मधेच कुठेतरी. संशोधनात बिग फाइव्ह नावाची पद्धत जास्त वापरतात, त्यात प्रकार नसतात, पाच गुण कमीजास्त मोजतात. आणि 'अगदी मीच' वाटतं म्हणाल तर 1948 मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना टेस्टचा रिझल्ट म्हणून एकच मजकूर दिला, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला, आपल्याला किती लागू पडतो याला पोरांनी सरासरी 5 पैकी 4.26 मार्क दिले. आमची आजी रविवारचं राशीभविष्य वाचून असंच म्हणायची, बघ कसं बरोबर लिहिलंय.

तरी मला उपयोग झाला, वेगळ्याच तऱ्हेने. दोन आठवडे घरी येताना बसमध्ये (वाकडला वेळच वेळ मिळतो) फोनवर लिहीत गेले, आज कशाने दमले, कशाने बरं वाटलं. तर नवीन मुलाला शेजारी बसवून दोन तास शिकवलं त्या दिवशी मी फ्रेश, आणि विषय न सांगता बोलावलेल्या अर्ध्या तासाच्या मीटिंगने पार गळून गेलेली. म्हणजे मला आयत्या वेळी बोलायला लावलं की त्रास होतो, एवढंच. मॅनेजरला म्हटलं विषय आदल्या दिवशी कळवत जा, निम्मी कटकट गेली. नवऱ्याला पण टेस्ट माझ्या वतीने भरायला सांगितली होती, जिथे आमची उत्तरं जुळली नाहीत तिथे त्या रात्री बरंच बोलणं झालं.

तुम्ही पण हो-नाही कळवायच्या आधी लीडच्या कामातलं नेमकं काय नको वाटतं ते लिहून काढा. एकेकट्याशी बोलायचं काम बहुतेक जमून जाईल, क्लायंट कॉलचं मात्र बघा, ते मला अजूनही नीट जमत नाही.